हाय म्हणजे आहे

दिवा कोळीवाड्याच्या जेट्टीला पाणी चढायला लागलं की रुतिकाला एका जागी बसवत नसे. लहानपणापासूनचंच होतं ते. आधी कांदळवनाच्या मुळ्या बुडायच्या, मग जेट्टीच्या पायऱ्या, मग बांधलेल्या होड्या एकमेकींना खांदे मारायला लागायच्या, आणि त्याच सुमाराला रुतिका पुस्तक मिटून घरातून ओट्यावर, ओट्यावरून घरात अशा येरझारा घालायची. "हिच्या पायानच भरती हाय गो," तिची आई धोंडूबाई म्हणायची, आणि ते बोलणं अख्ख्या आळीच्या तोंडी बसलं होतं.

पण या आठवड्यात तिला ओहोटी लागलीच नाही. खाडीचं पाणी चढायचं, उतरायचं, चिखलावर फ्लेमिंगोंची गुलाबी रांग येऊन उभी राहायची. रुतिकाच्या पायातलं पाणी मात्र उतरायला तयार नव्हतं.

कारण होता 'वानवळा'.

घरात ताजं काही आलं की त्यातलं थोडं शेजारी धाडायचं, तो वानवळा. दिलेल्याची मोजदाद नाही, कुणी खाल्लं याची विचारपूस नाही. फक्त आलेलं ताट रिकामं परत करायचं नाही, चिमूटभर साखर का होईना, घालून द्यायची. रुतिका शिकली, ऐरोलीच्या एका आयटी पार्कात नोकरीला लागली, आणि नोकरीबाहेर हौसेनं लिहिलेले प्रोग्रॅम नेटवर सगळ्यांसाठी उघडे ठेवायला लागली. घ्या, वापरा, सुधारा, पुढे द्या. असं करणाऱ्यांचं जगभर मोठं गणगोत आहे, त्याला ओपन सोर्स म्हणतात. आपल्याकडच्या अशा पोरापोरींचा मेळावा भरवायचा ठरला तेव्हा नावावर खल चालला होता. रुतिका सहज बोलून गेली, "अरे, आपण करतो तो वानवळाच की!" आणि नाव ठरलं.

यंदाचा मेळावा शनिवारी, बेलापूरला. मोठं थंडगार सभागृह, नागपूर-कोल्हापूरकडून येणाऱ्यांची राहायची सोय, दोन्ही वेळचं जेवण. आणि मंचामागच्या फलकावर नावाखाली एक ओळ : 'मुख्य प्रायोजक, वज्राक्ष डिफेन्स'.

वज्राक्ष लष्करासाठी ड्रोन बनवायची. आपल्याही आणि, म्हणे, बाहेरच्याही.

फलक जाहीर झाला आणि मेळाव्याच्या ग्रुपवर भडका उडाला. "ज्यांच्या ड्रोनला बॉम्ब लटकतात त्यांच्या चहात आम्ही बिस्कीट बुडवायचं?" एकानं लिहिलं. "लष्कर काय परकं आहे? माझा मामा सरहद्दीवर पाय गमावून आलाय," दुसरीनं सुनावलं. "पोहे कोण देतंय ते सांगा, तत्त्वं नंतर," तिसऱ्यानं हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला आणि दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या. काही जणांनी येणार नाही म्हणून कळवलं. काहींनी "अशांना येऊच देऊ नका" म्हणून कळवलं. सगळे रुतिकाला विचारत होते, कारण शनिवारचं पहिलं भाषण तिचं होतं आणि वज्राक्षनं हात पुढे केला होता तोही तिच्याच प्रोग्रॅममुळे.

त्या प्रोग्रॅमचं नाव 'होरी'. कोळ्यांच्या बोलीत होडी म्हणजे होरी.

काही वर्षांपूर्वी रुतिकाचे वडील बाळाराम आणि शेजारचा सिताराम होडीचं इंजिन बंद पडून खाडीच्या तोंडातून बाहेर वाहत गेले होते. शोधायला हेलिकॉप्टर गेलं. ते दोनदा डोक्यावरून गेलं आणि दोन्ही वेळा त्याला खालची होडी दिसलीच नाही. एवढ्या पाण्यात एवढंसं लाकूड. ते दोघं परत आले ते नशिबानं. त्यानंतर रुतिकानं ठाण मांडलं. आकाशातून काढलेल्या चित्रात अफाट पाण्यावरची लहानशी होडी ओळखायची, एवढंच काम करणारा प्रोग्रॅम. सुरुवातीला तो फ्लेमिंगोलाही होडी समजायचा. बाळाराम पोट धरून हसायचा, "तुज्या मशिनीला बगला पन होरी वाटतंय, बाय!" मग प्रोग्रॅम शहाणा झाला. देशोदेशीच्या लोकांनी त्यात आपापली भर घातली. होडी सापडली की तिच्याभोवती हिरवी चौकट उमटायची आणि चौकटीच्या कोपऱ्यात एक शब्द : 'हाय'.

हाय म्हणजे आहे. वाड्यात कुणी कुणाला 'आहे' म्हणत नाही. बाबा घरान हाय, मीठ डब्यान हाय, होरी पान्यान हाय.

परदेशातल्यांना वाटायचं, हा इंग्रजी नमस्कार. इद्रिस नावाचा एक मुलगा होता, दूरच्या एका वाळवंटी किनाऱ्यावरच्या बंदरातला, घर मासेमारांचंच. अंधुक उजेडात होडी ओळखायचा भाग त्यानं लिहिला होता. पहिल्याच पत्रात त्यानं विचारलं होतं, "तुमचा प्रोग्रॅम होडीला हॅलो का म्हणतो?" रुतिकानं अर्थ कळवला. त्याचं उत्तर आलं, "मग बरोबर आहे. हरवलेल्या माणसाबद्दल घरच्यांना तेवढाच एक शब्द ऐकायचा असतो." ते वाचून रुतिका त्या दिवशी किती तरी वेळ जेट्टीवर बसली होती. बसली होती, हेच विशेष.

'होरी'च्या किल्ल्या दोघांकडे होत्या, रुतिकाकडे आणि आशुतोषकडे. आशुतोष सांगलीकडचा, कॉलेजपासूनचा मित्र. एकानं केलेला बदल दुसऱ्यानं ओळीन् ओळ वाचून होकार दिल्याशिवाय आत जायचा नाही, असा त्यांचा नेम. आशुतोष एखादा स्वल्पविरामही सोडायचा नाही. वज्राक्षला मेळाव्यापर्यंत आणलं तेही त्यानंच.

"रुते, तूच नाव ठेवलंस ना वानवळा?" तो फोनवर म्हणाला. "ताट रिकामं परत करायचं नाही म्हणतेस. ही माणसं 'होरी' वापरतात. चोरून नाही, उजळ माथ्यानं. आणि ताट भरून परत देताहेत. बाकीच्या बड्या कंपन्या आपलं फुकट नेतात आणि साधं नाव घेत नाहीत. यांनी घेतलं तर यांनाच नको म्हणायचं?"

"ताट भरून येतं ते खरं," रुतिका म्हणाली. "पण वरचं झाकण काढून बघतोच ना आपण?"

"मग बघ की. कुलदीपसरांनी बोलावलंय, रबाळ्याला. उद्या जाऊ. बघ, आणि मग ठरव. पण ठरव, बाई. शनिवारी तू मंचावर नसलीस तर लोक काय समजायचं ते समजतील, आणि सभागृह तर गेलंच म्हणून समज."

वज्राक्षची जागा रबाळ्याच्या एमआयडीसीत, दोन जुन्या कारखान्यांच्या मधे. बाहेर ट्रकांचा धुरळा, आत काच आणि गारवा. कुलदीप दारापर्यंत सामोरा आला. उंच, पिकल्या केसांचा, हसरा माणूस.

"या मॅडम! मी पहिले नेव्हीत होतो, कुलाब्याला. मराठी समजते, बोलते पण," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. "तुमच्या फादरची स्टोरी आशुतोषने सांगितली. समुद्रात माणूस शोधणे काय असते, मला माहीत आहे. मी स्वतः शोधलंय. नाही मिळाले ते पण आठवतात."

हे बोलताना तो हसत नव्हता. रुतिकाला तो आवडला, आणि आवडला याचाच तिला त्रास व्हायला लागला. खलनायक भेटला असता तर किती सोपं झालं असतं.

त्यानं चहा मागवला, खोलीतला उजेड कमी केला आणि भिंतीवरचा पडदा सुरू केला. शनिवारी रुतिकाच्या भाषणाआधी दाखवायची ती चित्रफीत होती.

राखाडी पाणी. वरून, फार वरून. पाण्यावर एक ठिपका. कॅमेरा खाली सरकत गेला तशी ठिपक्याची होडी झाली. तिच्यावर निळी ताडपत्री ओढलेली. क्षणभर काही नाही. मग ताडपत्रीभोवती हिरवी चौकट उमटली आणि कोपऱ्यात देवनागरीत, रुतिकानं ठेवला होता तसाच्या तसा, शब्द आला : 'हाय'.

आणि पडदा पांढरा झाला.

पांढरेपणा विरला तेव्हा पाण्यावर लाकडाचे तुकडे होते.

"तो शब्द आम्ही बदलला नाही," कुलदीप कौतुकानं म्हणाला. "आमच्या टीमला फार आवडतो. पोरं म्हणतात, आपला ड्रोन टार्गेटला पहिले हाय करतो. गुड मॉर्निंग टाइप!"

आशुतोष हसायला गेला आणि रुतिकाच्या चेहऱ्याकडे बघून थांबला.

"आत कोण होतं?" रुतिकानं विचारलं.

"कुणी नाही, मॅडम! टेस्ट रेंज आहे. प्लायवूडचे पुतळे होते."

"पुन्हा दाखवाल?"

त्यानं दाखवलं. या खेपेला रुतिकानं होडी पाहिली. काठाला जाळं तरंगतं ठेवणारे बोये ओळीनं बांधलेले होते, एकेक गाठ नीट मारून. ताडपत्रीच्या फटीतून एक प्लायवूडचा हात बाहेर आला होता.

"जाळं पण घातलंय," ती म्हणाली.

"रिअलिस्टिक हवं ना. नाहीतर सिस्टिम शिकणार कशी?"

"आणि ताडपत्री?"

"लपतात ना. कुठे कुठे लोक बोटीवर ताडपत्री ओढून लपतात. आधी 'होरी'ला ते दिसत नव्हतं. तो भाग आमच्याच टीमच्या एका मुलानं लिहिला आणि तुम्हाला पाठवला, गेल्या पावसाळ्याआधी. तुम्ही थँक्यू पण लिहिलं होतं, मॅडम. फोटो पण पाठवला होता!"

चहा आला होता. रुतिकानं कप तसाच बाजूला सरकवला.

आठवत होतं तिला. 'झाकलेल्या होड्या ओळखण्यासाठी सुधारणा', एवढंच शीर्षक होतं. पाठवणाऱ्याचं नुसतं नाव, कंपनीबिंपनी काही नाही. वाचून ती हरखली होती. झाकलेल्या होड्या म्हणजे शाकारलेल्या होड्या! पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की वाड्यातल्या होड्या वर ओढून, प्लास्टिक आणि ताडपत्र्या घालून, दोऱ्यांनी आवळून ठेवतात. उधाणात त्यातली एखादी सुटून वाहून जाते. तिला वाटलं, जगाच्या कुठल्या तरी टोकाला कुणाला तरी आपल्यासारखीच सुटलेली होडी शोधायचीय. कोळ्याच्या पोरीला झाकलेली होडी म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? तिनं बदल वाचला, आशुतोषनं वाचला, दोघांनी होकार दिला. वर तिनं आभार मानले आणि सोबत नमुना म्हणून बाबांच्या होडीचा, शाकारलेल्या 'माऊली'चा फोटो जोडला. निळी ताडपत्री. बाबांनी स्वतः आवळलेली.

बाहेर पडल्यावर आशुतोष रबाळे स्टेशनाच्या पुलाखाली येऊन म्हणाला, "पुतळे होते, रुते."

"हो."

"आणि आपण नाही म्हटलं तरी ते 'होरी' वापरणारच. लायसन्सच तसं आहे. कुणीही, कशालाही."

"माहितेय. मीच लिहिलंय ते."

"मग?"

"मग काय ते कळत नाहीय ना!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की भाजीवाली वळून बघायला लागली.

घरी आली तर इद्रिसचं पत्र आलेलं होतं. शनिवारी तो दुरून, पडद्यावरून बोलणार होता.

"तुमच्या फलकावरचं नाव वाचलं," त्यानं लिहिलं होतं. "मी तुला दोष देत नाही. तुझ्या वडिलांची गोष्ट मला पाठ आहे. ते म्हणत होते ना, आम्हाला बघा, आम्हाला बघा. आमच्याकडे हल्ली उलटं झालंय. वर घरघर ऐकू आली की माणसं ताडपत्री ओढून आडवी होतात आणि आपण दिसू नये अशी प्रार्थना करतात. माझा चुलतभाऊ दिसला. ते यंत्र कुणाचं होतं, त्यात काय बसवलं होतं, कुणी सांगत नाही. तुमचं नसेलही. पण मला त्या फलकाखाली बोलता यायचं नाही. राग मानू नकोस."

रुतिकानं ते वाचलं, फोन पालथा ठेवला, उचलला, पुन्हा वाचलं. ओट्यावर गेली. घरात आली. परत ओट्यावर.

धोंडूबाई चुलीपाशी शेजारणीचं ताट पुसत होती. सकाळी त्या ताटातून पाटोळ्या आल्या होत्या, आता त्यात मूठभर सुकट घालून परत जाणार होतं. हात चालायचे तसं तिचं गुणगुणणंही चालायचं. वाड्यातल्या लग्नांत धवले गाणारी बाई ती, घरात गप्प कशी बसेल?

"होरी गेली दर्यान, दिवा लाव गो दारान,
दिव्या दिव्या सांग त्याला, वाट बघतंय घरान..."

"आये, थांब जरा," रुतिका म्हणाली, आणि मग तिनं थांबलेल्या आईला आणि जाळं सांधत बसलेल्या बाबांना सगळं सांगितलं. रबाळ्याचा पडदा, ताडपत्री, पांढरा उजेड, आणि कुलदीपची ती पोरं, टार्गेटला हाय करणारी.

बाळारामच्या हातातली सुई थांबली नाही. "फौजीला नावं नको ठेवू, बाय," तो म्हणाला. "माज्या नाकान पानी जात होतं तवा फौजीनीच हात दिला. पोलीस नाय आला, मंत्री नाय आला."

"नावं नाय ठेवत, बाबा. तो कुलदीप चांगला माणूस हाय. तेच तर..."

"देशाला हत्यार लागतं."

"लागतं. पन ते आपल्या जत्रेला कशाला? माझ्या भाषणाच्या आधी कशाला? आणि आपल्या 'माऊली'चा फोटो बघून ते यंत्र शिकलंय, बाबा. निळी ताडपत्री म्हनजे काय, ते तुमच्या होरीवरून शिकलंय."

आता सुई थांबली.

धोंडूबाई ताट हातात धरून तशीच उभी होती. "काय लिवलंय म्हनलीस त्या चौकोनान?"

"हाय."

"आनि मंग मारतान?"

"हो."

"देवा रे," धोंडूबाई खालच्या आवाजात म्हणाली. "कुनाकुनाची हाय लागंल गो त्या शब्दाला."

ती काही शहाणपण सांगायला गेली नव्हती. तोंडातून निघालं तेवढंच. पण रुतिका तिथंच खाली बसली. इतकी वर्षं तो शब्द तिनं जवळ बाळगला, देशोदेशीच्या लोकांना त्याचा अर्थ कौतुकानं समजावला, आणि हा तिसरा अर्थ तिच्या कधी मनातच आला नव्हता. जे आहे त्याचीही हाय. जे होतं आणि आता नाही, त्याचीही हायच.

बाळारामनं जाळं बाजूला सारलं.

"त्या बारीला," तो म्हणाला, "हेलिकाप्टर निंगून गेल्यावर आमी आशा सोरली होती. सिताराम तर रडून रडून झोपला. मंग धुक्यान मोटारीचा आवाज आला. दिसत काय नाय. माजी तर भीतीन गालन उडाली, हे कुनाचं जहाज, वर येतंय का काय. आनि भोंग्यातून आवाज आला, कौन है? मी वरडलो, आमी हाय, आमी! तर परत तेच. कौन है? नाम बोलो! तवा मी नाव सांगितलं. बाळाराम! सिताराम! दिवा कोळीवाडा! मंग दोर टाकला फौजीनी." तो जरासा हसला. "मला तवा राग आला होता. मरतंय मानूस आनि हे नाव ईचारतान. पन बंदुका होत्या ना त्यांच्या हातान. नाव ईचारलं म्हनून दोर आला."

रुतिका उठली. येरझारा घालायला नव्हे. आत जाऊन तिनं लॅपटॉप उघडला.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दुपारच्या भरतीला आशुतोष जेट्टीवर आला. मोटरसायकल कांदळवनाच्या कडेला लावून हेल्मेट न काढताच बोलत बोलत आला.

"फोन उचलत नाहीस. कुलदीपसरांचा दोनदा आला. ग्रुपवर कुणीतरी पसरवलंय की तू वज्राक्षकडून नोकरी घेतलीस. दुसऱ्यानं पसरवलंय की तू देशद्रोही आहेस. एकाच वेळी दोन्ही कशी असशील, एवढं तरी ठरवून घ्या म्हणावं!"

"हेल्मेट काढ. आवाज घुमतोय तुझा."

त्यानं काढलं. त्याचे डोळे तारवटलेले होते. त्यालाही झोप नव्हती हे तिला तेव्हा दिसलं.

"मी कुलदीपला फोन केला सकाळी," ती म्हणाली. "नाही म्हणून सांगितलं. मी त्या फलकाखाली उभी राहणार नाही, 'होरी'चं नावही तिथं घेऊ देणार नाही. तू मेळावा घे हवा तर. मला मंच नको. मी येईन, सतरंज्या घालीन."

"काय म्हणाला तो?"

"एवढंच म्हणाला, आपके फादर को नमस्ते बोलना. चिडला असता तर बरं झालं असतं."

आशुतोष पायरीवर बसला. पाणी त्याच्या बुटांपर्यंत आलं होतं, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. "तुझ्याशिवाय मेळावा? वेडी आहेस का? आणि वज्राक्षशिवाय सभागृह नाही. नागपूरची पोरं गाडीत बसली असतील आत्ता. त्यांना काय सांगू, परत फिरा?"

"इथं येऊ दे. वाड्याचं समाजमंदिर रिकामं आहे, चावीवाल्या दिलीपकाकांना विचारलंय मी. पंखे आहेत. पडदा नाही, पण भिंत पांढरी आहे. आई आणि आळीतल्या बाया जेवण करतील. राहायला घरं आहेत."

"आणि थंडगार सभागृहाची सवय झालेली आपली जनता डासांत बसेल?"

"बसतील ते बसतील."

एक होडी सुटून दुसरीवर आपटत होती, नुसतं ठक्, ठक्.

"मी तुला एक बदल पाठवलाय," रुतिका म्हणाली. "वाच."

त्यानं फोन काढला. नेमाप्रमाणे तो पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. दोनच गोष्टी होत्या. झाकलेल्या होड्या ओळखायचा भाग काढून टाकला होता. आणि चौकटीच्या कोपऱ्यातला शब्द बदलला होता. 'हाय'च्या जागी आता 'कोन हाय?' असं उमटणार होतं.

"यानं काय होणार?" तो हळूच म्हणाला. "त्यांच्याकडे जुनं आहेच. ते जुनंच चालवतील. किंवा ही ओळ एका मिनिटात पुसून टाकतील."

"पुसू दे. पुसावी लागेल ना पण. कुणातरी माणसाला बसून, वाचून, तो प्रश्न हातानं पुसावा लागेल. त्या मुलाला, गुड मॉर्निंगवाल्याला. तो पुसताना एकदा तरी वाचेल."

"आणि उद्या खरंच कुणाची शाकारलेली होडी वाहून गेली तर? तुझ्याच बाबांची?"

हाच प्रश्न तिला रात्रभर टोचत होता. तिनं वळून ओट्याकडे पाहिलं. बाळाराम तिथं बसून त्यांचं सगळं ऐकत होता, ऐकत नसल्यासारखं दाखवत.

"होरी गेली तं दुसरी येल," तो तिथूनच म्हणाला. "ताडपत्रीखाली मानूस नसतंय आमच्यान. त्यांच्यान असतंय."

आशुतोषनं मान खाली घातली. रबाळ्याला हसू ओठावर आलं होतं ते त्याला आठवत असावं, कारण त्याचा चेहरा कसनुसा झाला. त्यानं फोनवर अंगठा टेकवला, उचलला. पुन्हा वर जाऊन वाचायला लागला. रुतिका पायरीवरून वर गेली, खाली आली. पाणी तिच्या घोट्याला लागलं. हा माणूस होकार देईल की नाही, यावर तिचं सगळं येऊन थांबलं होतं. तो नाही म्हणाला तर 'होरी' तशीच राहील, तिच्याच शब्दानं बोट दाखवत.

"एक चूक आहे," आशुतोष म्हणाला.

ती पायरीवरच थांबली. "कुठे?"

"कोन लिहिलंयस. 'न' नाही, 'ण' हवा. कोन म्हणजे भूमितीतला. काटकोन, त्रिकोण... नाही, त्रिकोणात ण. पण कोन हाय म्हणजे लोकांना वाटेल, अँगल आहे."

रुतिकानं त्याच्याकडे पाहिलं. असं स्वल्पविरामावर अडून बसायचं त्याला तेव्हाच सुचायचं, जेव्हा बाकी सगळं त्याला पटलेलं असायचं. कॉलेजपासून ती हे बघत आली होती.

"न-च आहे तो," ती म्हणाली. "आमच्यात ण नाय. धुक्यान बोलावतात ते न-नंच बोलावतात."

"बरं बाई. न तर न." त्यानं अंगठा दाबला. तिच्या खिशातला फोन थरथरला.

आशुतोष उठला, ओल्या बुटांकडे बघून पुटपुटला, "आता नागपूरच्यांना फोन लावतो. दिवा कोळीवाडा, रिक्षावाल्याला काय सांगायचं? जेट्टी?" आणि खरंच बोलायला लागला, "हां, ऐका, जागा बदललीय. नाही, एसी नाही. हो, कोलंबी आहे."

ऊन उतरणीला लागलं होतं. कांदळवनाच्या वळणाआडून मोटारीचा आवाज आला आणि मग कुठल्या तरी होडीचं नाक दिसलं, उन्हाच्या तिरिपेत नुसतंच काळं. रुतिका डोळ्यांवर हात धरून बघत राहिली. ओट्यावरून बाळाराम उठून उभा राहिला आणि रोजच्या सवयीनं, तोंडाशी हात नेऊन त्यानं हाळी दिली,

"कोन हाय रं?"

पाण्यावरून उत्तर यायला जरा वेळ लागला.

"मी सिताराम!"